ऐकलेला निळा

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दोन महिन्यांनी करायचं ठरलं. घरी जाताना हातात एक कागद मिळाला: दिवसातून सहा वेळा थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, आणि काही दिवस वाचन शक्यतो टाळायचं. बाकीचं सगळं मान्य होतं. शेवटच्या ओळीने मात्र धडकी भरली. सकाळचा चहा वर्तमानपत्राशिवाय आणि रात्रीची झोप पुस्तकाशिवाय, असा दिवस मला आठवतच नव्हता. भाची आली, माझा फोन घेऊन पंधरा-वीस मिनिटं काहीतरी करत बसली आणि म्हणाली, "मावशी, दिवसाला दोन ऐक. मध्येच झोप लागली तरी चालेल, परत मागे नेता येतं."

पॉडकास्ट हा शब्द कानावरून गेलेला होता. २००४ साली लंडनच्या 'गार्डियन'मधल्या लेखात बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने आयपॉड आणि ब्रॉडकास्ट या दोन शब्दांची सांधजोड करून तो सुचवला. आयपॉड अडगळीत गेला, शब्द राहिला. पण मी 'पुन्हा प्रपंच' आणि 'वनिता मंडळ' ऐकत मोठी झालेली. रेडिओच फोनमध्ये आला असेल, यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता. फरक कळला तो भाचीच्या त्या वाक्यातून: परत मागे नेता येतं. आकाशवाणीवरची श्रुतिका एकदा वाजली की वाजली. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी काय म्हणाले ते हुकलं तर शेजारणीला विचारायचं. इथे एखादा भाग मी तीनदा ऐकू शकत होते. पहिल्या खेपेला माणूस गोष्टीमागे धावतो, दुसऱ्या खेपेला आवाज ओळखीचे होतात, आणि तिसऱ्या खेपेला ती गोष्ट कशी रचली आहे ते दिसायला लागतं. मला जे भाग तीनदा ऐकावेसे वाटले, त्यांच्याविषयी सांगायचं आहे.

त्यात सर्वांत वर 'रेडिओलॅब'चा रंगांवरचा भाग. 'रेडिओलॅब' हा न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम. जाद अबुमराद आणि रॉबर्ट क्रुलविच हे त्याचे तेव्हाचे सूत्रधार. 'कलर्स' नावाचा हा भाग २०१२ मधला. रंग हा विषय, आणि माध्यम निव्वळ आवाजाचं. डोळ्यावर काळा चष्मा लावून पलंगावर पडलेल्या मला या धाडसाचंच आधी कौतुक वाटलं.

एका ठिकाणी त्यांना सांगायचं आहे की इंद्रधनुष्य प्रत्येक प्राण्याला सारखं दिसत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी कुत्र्याकडे दोन प्रकारच्या, माणसाकडे तीन, पक्ष्यांकडे चार, काही फुलपाखरांकडे त्याहून जास्त. हे आकडे वाचले असते तर मी मान डोलावून पुढे गेले असते. अबुमराद यांनी संगीतरचनेचं शिक्षण घेतलेलं आहे. त्यांनी त्यासाठी एक गाणारा वृंद उभा केला. कुत्र्याचं इंद्रधनुष्य म्हणजे थोडेसेच स्वर. मग माणूस येतो आणि त्या स्वरांशेजारी नवे आवाज येऊन उभे राहतात. पक्षी येतो, वर एक पट्टी चढते: आपल्याला न दिसणारा अतिनील रंग. फुलपाखरू येतं, वृंद आणखी दाटतो. आणि शेवटी मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखं दिसणारं, झपाट्याने वार करणारं समुद्रातलं जनावर. त्याचे भाईबंद आपल्या कोकणच्या जाळ्यांतही येतात. त्याच्या डोळ्यात तब्बल सोळा प्रकारच्या पेशी असल्याचं सांगितलं जातं, आणि सगळा वृंद एकदम उसळतो. मला उठून बसावं लागलं. जो रंग मला कधीच दिसणार नाही, त्याची जागा कुठे आहे हे मला कानाने कळलं. 'अतिनील' हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. तो 'वर' असतो, हे त्या दिवशी ऐकलं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या जनावराविषयी एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याला खाऊचं आमिष दाखवून जवळजवळचे रंग ओळखायला शिकवून पाहिलं. एवढ्या पेशी असून त्याला ते जमेना. दोन रंगांतला जो बारीक फरक माणसाला सहज कळतो, तो त्याला कळत नव्हता. पेशी जास्त म्हणून रंग जास्त, हा हिशोब तितका सरळ नसावा. म्हणजे तो उसळलेला वृंद विज्ञानाच्या पुढे गेला होता. हे कळल्यावर मी तो भाग परत ऐकला. आनंद कमी झाला नाही, पण 'रेडिओलॅब'चा एक स्वभाव लक्षात आला. आवाजावर आवाज चढवायचा, वाक्य अर्ध्यावर तोडायचं, श्रोत्याला विस्मयाच्या काठावर नेऊन उभं करायचं, याची त्यांना फार ओढ आहे. विस्मय खरा असतो. पण त्याच्या भरात एखादी शंका विचारायची राहून जाते.

त्याच भागातला दुसरा तुकडा मात्र अगदी शांत आहे, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन हे ग्रीक महाकवी होमरचे कट्टर वाचक. १८५८ मध्ये होमरवर त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ आला. त्यात त्यांनी दाखवलं की होमरचे रंग विचित्र आहेत. समुद्र मद्यासारखा दिसतो, मध हिरवा आहे, आणि निळा रंग जवळजवळ नाहीच. पुढे लाझारुस गायगर या जर्मन अभ्यासकाने हाच शोध इतर प्राचीन ग्रंथांत घेतला. त्यात ऋग्वेदही होता. सूक्तांमध्ये आकाश, उषा, सूर्य यांची वर्णनं ठायी ठायी आहेत, पण आकाश निळं असल्याचं कुठे म्हटलेलं नाही, असं त्याचं निरीक्षण.

मग भाषाशास्त्रज्ञ गाय डॉइचर बोलतात. त्यांची मुलगी लहान असताना त्यांनी एक प्रयोग केला. तिला सगळे रंग शिकवले, निळासुद्धा. पण आकाश निळं असतं हे घरात कुणीही तिला सांगायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. मग निरभ्र दिवशी बाहेर नेऊन विचारायचे, याचा रंग कोणता? मुलगी गप्प. कशाविषयी विचारताहेत तेच तिला कळेना. तिथे काही वस्तूच नव्हती. बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली, पांढरा. त्यानंतर कधीतरी निळा, मग परत पांढरा. डॉइचर हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात बापाची माया आहे आणि शास्त्रज्ञाची सावधगिरी आहे. संगीत जवळपास नाहीसं होतं. तो थांबा पुस्तकात छापता येणार नाही.

हे ऐकून मी गॅलरीत आले. श्रावणातलं आभाळ. आणि एकदम मनात आलं, 'आज आभाळ आलंय' असं आपण म्हणतो तेव्हा ढग आलेत असंच म्हणत असतो. आभाळ हा शब्द अभ्र या शब्दापासूनच आलेला. अभ्र म्हणजे ढग. पाऊस देईल की नाही, हे बघायला माना वर करणाऱ्या माणसांनी घडवलेली भाषा ही. तिने आकाशाला त्याच्या रंगावरून नाव दिलं नाही, त्यात काय दाटून येतं त्यावरून दिलं. आणि निळा? आपला विठोबा सावळा, आपला कृष्ण घननीळ. घन म्हणजे पावसाळी ढग, आणि तरीही नीळ. मार लागला की अंग काळंनिळं पडतं, दोन्ही रंग एका दमात. जी. ए. कुलकर्णींच्या पहिल्या कथासंग्रहाचं नाव 'निळासावळा', आणि त्या शब्दात कुठेही शिवण दिसत नाही. संस्कृतातही 'नील' शब्दाला काळेपणाची छटा आहे. निळा आणि काळा यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी भिंत बांधलीच नव्हती, फार तर एक उंबरा होता.

आता डोळ्यांविषयी. मोतीबिंदू होताना डोळ्यातलं भिंग नुसतं गढूळ होत नाही, ते पिवळं पडत जातं, आणि पिवळं भिंग आधी निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. क्लोद मोने या चित्रकाराचं १९२३ मध्ये ऑपरेशन झालं, त्यानंतर तो रंगांवरून बराच त्रासला होता. मी चित्रकार नाही. माझ्यासमोर होती ती आमच्या खोलीची चुन्याची भिंत. उजवा डोळा हाताने झाकला की ती भिंत जुन्या पोथीच्या पानासारखी. डावा झाकला की नीळ दिलेल्या पंच्यासारखी. कपडे पांढरे दिसावेत म्हणून आपण त्यांना निळा रंग देतो, हे लहानपणापासून बघत आले होते. त्यामागचं कारण आता भिंतीवर दिसत होतं. एकाच भिंतीचे दोन पांढरे. दिवसातून दहा वेळा मी हा खेळ करायचे.

'साँग एक्स्प्लोडर' ऐकताना हाच खेळ कानांनी करता येतो. हृषिकेश हिरवे या अमेरिकेतल्या संगीतकाराने २०१४ मध्ये हा पॉडकास्ट सुरू केला. एका भागात एकच गाणं. ज्याने ते केलं तोच ते उलगडतो. गाण्याच्या वेगवेगळ्या पट्ट्या सुट्या करून वाजवल्या जातात: नुसता ढोल, नुसती गिटार, मागे कुजबुजणारा दुसरा आवाज, जो पूर्ण गाण्यात आपल्याला कधी जाणवलाच नव्हता. शेवटी अख्खं गाणं. ते मी आधी कधी ऐकलेलं नसायचं, पाश्चात्त्य पॉप संगीताशी माझी ओळखच नाही. तरी शेवटी ते वाजतं तेव्हा प्रत्येक सुराला मी नावाने हाक मारू शकते असं वाटायचं.

मला भावलं ते हिरवे यांचं स्वतःला पुसून टाकणं. मुलाखत ते घेतात, प्रश्न विचारतात, आणि संकलन करताना स्वतःचे प्रश्न कापून टाकतात. सुरुवातीची आणि शेवटची चार वाक्यं सोडली तर सगळा भाग कलावंताच्या एका सलग बोलण्यासारखा लागतो. पण तिसऱ्यांदा ऐकताना काढून टाकलेला प्रश्न कळायला लागतो. वादक एका ठिकाणी क्षणभर थांबतो आणि सूर बदलून आईविषयी बोलू लागतो. तिथे कुणीतरी नक्की काहीतरी नेमकं विचारलेलं आहे. चांगल्या रसग्रहणाकडून मला हेच हवं असतं. ज्याने कविता उलगडली तो बाजूला झालेला असावा, आणि कवितेचं दार मात्र उघडं राहिलेलं असावं.

आपल्या जुन्या भावगीतांचं असं काही करता येईल का, हा विचार मनात घोळत राहिला. तेव्हा गायक आणि वादक एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत. पट्ट्या सुट्या नव्हत्याच. कुणी चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या गाण्यातली बासरी वेगळी काढून ऐकवायची म्हटली तरी ती कुठे वेगळी ठेवलेलीच नाही, ती त्या खोलीतल्या हवेत मिसळलेली आहे. मग उरतात ते त्या खोलीत बसलेल्यांचे आवाज, आणि ते दरवर्षी कमी होताहेत. कुणीतरी फोन घेऊन त्यांच्या समोर बसायला हवं, आत्ता.

'नाइन्टीनाइन पर्सेंट इनव्हिजिबल' हा रोमन मार्स यांचा पॉडकास्ट, २०१० पासूनचा, आपल्या भोवतालच्या घडवलेल्या वस्तूंविषयी. त्यातला 'स्ट्रक्चरल इंटेग्रिटी' हा भाग न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीवर आहे. ही ५९ मजली इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, त्याची जागा तिथेच राखायची होती. म्हणून इमारतीचे प्रचंड खांब चार कोपऱ्यांत न देता चार बाजूंच्या मध्यावर दिले. हे ऐकताना चित्र डोळ्यासमोर येईना. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घेतलं, त्याचे पाय कोपऱ्यांतून काढून मनातल्या मनात बाजूंच्या मधोमध बसवले, आणि कोपऱ्यावर बोट दाबलं. तिथे खाली काहीच नव्हतं. पोटात कालवलं. पानभर आकृत्यांनी जे झालं नसतं ते त्या रिकाम्या कोपऱ्याने केलं.

डायान हार्टली ही विद्यार्थिनी १९७८ मध्ये प्रबंधासाठी याच इमारतीचा अभ्यास करत होती. वारा समोरून न येता कोपऱ्यावर तिरका आला तर ताण बराच वाढतो, असं तिच्या हिशोबात येत होतं. तिने अभियंत्याच्या कार्यालयात विचारलं. सगळं व्यवस्थित आहे असं उत्तर मिळालं, तिने ते मानलं. त्याच वर्षी इमारतीचे मुख्य अभियंता विल्यम लमेझ्यूरिए यांना कळलं की पोलादाचे जोड वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवलेत, आणि त्यांच्या हिशोबाने मोठ्या वादळात ते टिकणार नव्हते. मग रात्रीच्या रात्री, गुपचूप, जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. त्या दिवसांत एला नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याच्या रोखाने येत होतं, ते समुद्राकडे वळलं. शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप सुरू होता. ही हकीगत लोकांना कळली १९९५ मध्ये, 'न्यूयॉर्कर'मधल्या एका लेखातून. रोज त्या इमारतीत कामाला जाणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भाग संपला तरी हे माझ्या मनातून गेलं नाही. मार्स यांचा सांगण्याचा सूर थोडा जास्त मऊ आहे; लमेझ्यूरिए यांनी चूक कबूल केली याचं कौतुक हवंच, पण लपवून ठेवण्याला मी तरी माफ करू शकले नाही.

टिम हारफर्ड हे अर्थतज्ज्ञ 'कॉशनरी टेल्स'मध्ये अशाच चुकांच्या गोष्टी सांगतात. पहिलीच गोष्ट 'टॉरी कॅन्यन' या तेलवाहू जहाजाची. मार्च १९६७ मध्ये सुमारे १ लाख २० हजार टन कच्चं तेल घेऊन निघालेलं हे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकांवर चढलं. कप्तानाला संध्याकाळची भरती गाठायची होती. ती चुकली तर बंदरात शिरायला काही दिवस थांबावं लागणार होतं. म्हणून ठरलेला बेत तो सोडेना, समोर खडक असतानाही. कीर्तनात आधी निरूपण येतं आणि मग आख्यान. हारफर्ड आख्यान आधी सांगतात, नटांच्या आवाजांत, आणि निरूपण मागाहून येतं. मला कीर्तनाचा क्रम जास्त आवडतो. त्यात गोष्ट शेवटी येते आणि तिला कुणी समजावून सांगत नाही.

अगदी साधा, सजावट नसलेला कार्यक्रम म्हणजे बीबीसीचा 'इन अवर टाइम'. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला आणि २०२५ पर्यंत चालवला. हजाराहून अधिक भाग. तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तासाच्या आत. शून्य, भगवद्गीता, सम्राट अशोक, काहीही. पार्श्वसंगीत नाही. प्राध्यापक पसरू लागले की ब्रॅग त्यांना अडवतात, कधी जरा तुटकपणे, आणि पहिल्यांदा मला त्याचा राग आला. नंतर लक्षात आलं, ते माझ्या वतीने अडवत होते. मला जो शब्द कळला नव्हता, नेमका तिथेच. पॉडकास्टमध्ये कार्यक्रम संपल्यावरची काही मिनिटं जास्तीची असतात. काय सांगायचं राहिलं, असं ब्रॅग विचारतात. मघाशी ताठ बसलेली विद्वान मंडळी सैलावून बोलू लागतात, एकमेकांना दुरुस्त करतात, आणि मग निर्माता आत येऊन विचारतो, चहा की कॉफी? तो प्रश्न ऐकला की मीही उठून आधण ठेवायचे. गॅससमोर उभं राहायची मनाई उठली होती तोपर्यंत.

ब्रॅग अडवतात, तर मुंबईचे अमित वर्मा थांबतात. 'द सीन अँड द अनसीन' हा त्यांचा २०१७ पासूनचा पॉडकास्ट सुरुवातीला अर्ध्या तासाच्या आतबाहेर असायचा, नंतर एकेक भाग चार-पाच तासांचा होऊ लागला. शांता गोखले यांच्यासारख्या लेखिकेशी ते अशाच निवांतपणे बोलले आहेत. तिसऱ्या तासात माणूस तयार उत्तरं संपवून बसलेला असतो, आणि मग जे येतं ते त्याचं स्वतःचं असतं. अशा लांब गप्पा आता मराठीतही पुष्कळ ऐकायला मिळतात. सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' आहे. आवाजांनी बांधलेली, नीट संकलित केलेली गोष्ट मात्र मराठीत माझ्या कानावर फार कमी आली. आणि आपल्याकडे तर श्रुतिका होती! करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढणारे लोक आपल्या आकाशवाणीत होते.

आश्विनात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भिंतीचा खेळ संपला. दोन्ही डोळ्यांना ती आता सारखीच पांढरी दिसते, आणि त्या पिवळ्या पोथीच्या पानाची अधूनमधून आठवण येते. पुढे मार्गशीर्षात संक्रांतीच्या आधी ट्रंक उघडली, आईची चंद्रकळा उन्हात घालायला. काळी चंद्रकळा. दर वर्षी मी ती एकदा उलगडते, झटकते, घडी बदलून ठेवते. गॅलरीच्या दोरीवर टाकली आणि हात तसाच राहिला. साडी निळी होती. काठाजवळ, जिथे ऊन आरपार येत होतं तिथे, सरळ सरळ गर्द निळी.

ताईला नागपूरला फोन लावला.

"ताई, आईची चंद्रकळा काळी ना गं?"

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. फोनमधून तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"काळीच म्हणायचो आपण," ती म्हणाली. "आईनं घेतली तेव्हा मी दुकानात होते तिच्याबरोबर. दुकानदारानं दोन काढल्या होत्या. ती म्हणाली, काळ्यातलीच द्या, पण ती नको, ही द्या, हिच्यात आभाळ आहे."